सावली कुणाची, नाव कुणाचे?

पेशवाईत समोरून सवर्ण हिंदू येत असेल तर अस्पृश्याला सार्वजनिक रस्त्यावरून चालण्याची मुभा नव्हती. कारण काय, तर त्याची सावली अंगावर पडून सवर्ण बाटू नये. बाबासाहेबांनी 1936 साली ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये हे जगाला ठणकावून सांगितले. आपल्या बापजाद्यांची सावलीसुद्धा या व्यवस्थेला सहन होत नव्हती, हे आपल्यापैकी कुणाला नव्याने सांगण्याची गरज नाही.

आज मात्र सावलीचीच एक वेगळी कथा सांगायची आहे. ती आहे अमेरिकेतील एका कृष्णवर्णीय वास्तुविशारदाची. त्यांनी एका बड्या फर्ममध्ये उभी हयात काढली. कोट्यधीशांचे वाडे, ग्रंथालये आणि एक अख्खे विद्यापीठ कागदावर उतरवले. पण इमारतीवर नाव लागले ते मालकाचे. ‘‘रेषा साऱ्या मालकांच्या आहेत, सावल्या मात्र माझ्या आहेत,’’ अशा अर्थाचे त्यांचे एक वाक्य सांगितले जाते. ज्यांच्या पूर्वजांची सावली विटाळ मानली गेली, त्या समाजाने तरी या वाक्यापाशी क्षणभर थांबले पाहिजे.

त्यांचे नाव ज्युलियन फ्रान्सिस एबेल. जन्म 1881 चा, फिलाडेल्फिया शहरातला. गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा पंधरा-सोळा वर्षे झाली होती. फिलाडेल्फिया हे उत्तरेकडचे, स्वतःला पुढारलेले म्हणवणारे शहर. पण तेथील काळ्या माणसाचे जिणे कसे होते, हे जाणायचे तर डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस यांचा 1899 साली प्रसिद्ध झालेला त्या शहराचा अभ्यास पाहावा. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने ड्यु बॉइस यांना हे काम दिले. त्यांनी घरोघर फिरून ते केले, आणि त्याच विद्यापीठाने आपल्या अध्यापकांच्या यादीत त्यांचे नाव छापले नाही! काम घ्यायचे आणि नाव गाळायचे, ही रीत तिथेही होती. याच ड्यु बॉइस यांना 1946 मध्ये बाबासाहेबांनी पत्र लिहिले होते आणि अमेरिकेतील निग्रो व भारतातील अस्पृश्य यांच्या स्थितीतले साम्य त्यात मांडले होते. पुढे 1972 साली आपल्या तरुणांनी ‘ब्लॅक पँथर’वरून ‘दलित पँथर’ हे नाव घेतले. तेव्हा एबेल यांची कथा परक्याची समजण्याचे कारण नाही.

ड्यु बॉइस ज्या शहराच्या गल्ल्या पालथ्या घालत होते, त्याच शहरात पोरसवदा एबेल रेखाकला शिकत होते. पुढे त्यांनी त्याच पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात वास्तुशास्त्राला प्रवेश घेतला आणि 1902 मध्ये पदवी मिळवली. त्या विभागातून पदवी घेणारे ते पहिले कृष्णवर्णीय. शेवटच्या वर्षी विद्यार्थ्यांच्या वास्तुशास्त्र मंडळाचे ते अध्यक्षही होते. म्हणजे गोऱ्या सहाध्यायांनाही त्यांची गुणवत्ता मान्य करावी लागली होती. ‘गुणवत्ता, गुणवत्ता’ म्हणून आपल्याकडे जो कंठशोष केला जातो, तो करणाऱ्यांनी पुढचा प्रवास नीट वाचावा.

1906 मध्ये एबेल हे होरेस ट्रम्बावर यांच्या फर्ममध्ये दाखल झाले. ट्रम्बावर हे त्या काळातल्या धनिकांचे आवडते आर्किटेक्ट होते. त्यांचे स्वतःचे औपचारिक शिक्षण फारसे नव्हते. सोळाव्या वर्षी दुसऱ्याच्या कचेरीत उमेदवारी करून ते वर आले होते. एबेल यांना मुख्य डिझायनर फ्रँक सीबर्गर यांचे सहायक म्हणून घेतले गेले. 1909 मध्ये सीबर्गर फर्म सोडून गेले आणि त्यांच्या जागी, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, एबेल मुख्य डिझायनर झाले. ज्या देशात काळ्या माणसाला गोऱ्याशेजारी जेवायला बसता येत नव्हते, त्या देशात गोऱ्या सहकाऱ्यांच्या कामावर देखरेख करणारी ही जागा होती. ट्रम्बावर यांनी ती दिली, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. माणूस पारखायला रंग आड येऊ दिला नाही, एवढे श्रेय त्यांचे आहेच.

पण जागा मिळाली म्हणजे नाव मिळाले, असे होत नाही. त्या फर्मची पद्धत अशी की, काम कुणीही केलेले असो, ते ‘ट्रम्बावर’ या नावाने बाहेर जायचे. गोऱ्या नोकरांनाही हाच नियम होता. मग फरक कुठे? फरक हा की गोरा नोकर कधीतरी बाहेर पडून आपल्या नावाची पाटी लावू शकत होता. सीबर्गर यांनी तेच केले. एबेल यांच्यापुढे तो रस्ता जवळजवळ बंद होता. काळ्या माणसाच्या पाटीखाली कोणता कोट्यधीश आपला वाडा बांधायला आला असता? नियम सर्वांना सारखा असतो, पण नियमातून बाहेर पडण्याचे दार सर्वांना सारखे नसते. समतेच्या नावाखाली विषमता कशी चालते, याचे हे साधे गणित आहे.

आता सावल्यांचा अर्थ. तेव्हा वास्तुविशारदांना फ्रेंच परंपरेनुसार चित्रकाराइतकेच कसून शिकवले जाई. इमारतीचा दर्शनी नकाशा आधी शाईच्या रेषांनी काढायचा. मग प्रकाश डावीकडून, वरून, पंचेचाळीस अंशांच्या कोनात येतो असे धरून पातळ शाईच्या एकावर एक हलक्या थरांनी सावल्या भरायच्या. रेषा फक्त सांगते की इथे खिडकी आहे, इथे खांब आहे. पण खिडकी किती खोल आहे, छज्जा किती पुढे आला आहे, खांब गोल आहे की चौकोनी, हे सांगते ती सावली. सावलीशिवाय इमारत कागदावर उभीच राहत नाही. एबेल यांची ही चित्रे पाहूनच धनिक आपल्या थैल्या सैल करीत असत. म्हणजे ‘सावल्या माझ्या’ या बोलण्यात विनय आहे तसा दावाही आहे. तुमचे नाव सपाट आहे, त्याला खोली मी दिली आहे, हा तो दावा.

या फर्मच्या कामातली एक इमारत आपल्यासाठी लक्षात ठेवण्याजोगी आहे. हार्वर्ड विद्यापीठाचे वाइडनर ग्रंथालय. 1912 च्या टायटॅनिक दुर्घटनेत बुडालेल्या एका धनिकपुत्राच्या स्मरणार्थ त्याच्या आईने ते बांधून दिले. 1913 मध्ये काम सुरू झाले आणि 1915 मध्ये ग्रंथालय उघडले. याच 1913 मध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले आणि 1915 मध्ये तेथे त्यांनी एम. ए. पूर्ण केले. एकाच वेळी, एकाच देशात, एक अस्पृश्य तरुण ग्रंथालयात बसून पुस्तकांचा फडशा पाडत होता आणि एक काळा माणूस ज्या फर्मचा मुख्य डिझायनर होता, ती फर्म पुस्तकांसाठी एवढे मोठे घर बांधत होती. दोघांची भेट झाल्याची कुठे नोंद नाही. पण दोघेही एकाच भिंतीला दोन बाजूंनी धडका देत होते.

एबेल यांच्या आयुष्यातले सर्वांत मोठे काम म्हणजे ड्यूक विद्यापीठ. जेम्स ड्यूक हा तंबाखूचा आणि विजेचा सम्राट. त्याचा न्यूयॉर्कमधील वाडा ट्रम्बावर यांच्या फर्मनेच 1912 मध्ये पूर्ण केला होता. डिसेंबर 1924 मध्ये त्याने चार कोटी डॉलरचा निधी स्थापन केला आणि दक्षिणेकडील नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या डरहॅम गावी असलेल्या छोट्या महाविद्यालयाचे विद्यापीठ करण्याचे ठरले. काम अर्थातच ट्रम्बावर यांच्याकडे आले आणि एबेल यांच्या टेबलावर पोचले. एका आवारात लाल विटांच्या इमारती, दुसऱ्या आवारात जवळच्या खाणीतल्या दगडातून उभारलेली कमानींची गॉथिक वास्तू. ग्रंथालय, वसतिगृहे, रुग्णालय आणि मधोमध 210 फूट उंच मनोऱ्याचे प्रार्थनामंदिर!

तारखा पाहा. या दगडी आवाराचे बांधकाम 1927 मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी 20 मार्चला बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावला. प्रार्थनामंदिराची कोनशिला 1930 मध्ये बसली. त्याच वर्षी 2 मार्चला नाशिकला काळाराम मंदिराच्या दारात आपल्या माणसांनी सत्याग्रह सुरू केला. नाशिकला मंदिराचे दार आपल्यासाठी बंद होते. डरहॅमला ज्याने प्रार्थनामंदिराचे दार आखले, त्याच्याच समाजाला ते विद्यापीठ बंद होते. काळ्या विद्यार्थ्याला तिथे प्रवेशच नव्हता. पदव्युत्तर विभागांची दारे 1961 मध्ये उघडली आणि पदवीचे वर्ग 1963 मध्ये. तोवर एबेल यांना जाऊन दशकाहून अधिक काळ लोटला होता.

एबेल हे दक्षिणेतल्या वर्णभेदामुळे ते आवार पाहायला कधी गेलेच नाहीत, असे त्यांच्या नात्यातले लोक सांगत आले आहेत. काही अभ्यासक म्हणतात की ते गेले असावेत. या वादात पडण्याचे आपल्याला कारण नाही. ते गेले असोत वा नसोत, त्यांचे स्वतःचे मूल त्यांनीच आखलेल्या वर्गात बसू शकत नव्हते, याबद्दल कुणाचाही वाद नाही. आपल्याकडे वडार दगड फोडतो, पाथरवट घडवतो, गवंडी रचतो, आणि कळस चढला की तेच हात उंबऱ्याबाहेर उभे केले जातात. ही कथा आपल्याला कुणी समजावून सांगावी लागत नाही.

मग एबेल यांनी बंड का केले नाही, असा प्रश्न आजचा तरुण विचारील. उत्तरासाठी त्यांच्याच काळातले दुसरे नाव घेऊ. पॉल रेव्हिअर विल्यम्स हे लॉस एंजेलिसचे. त्यांनी धाडस करून स्वतःच्या नावाची फर्म काढली आणि 1923 मध्ये अमेरिकन वास्तुविशारदांच्या राष्ट्रीय संस्थेचे ते पहिले कृष्णवर्णीय सदस्य झाले. पण किंमत काय मोजावी लागली? गोऱ्या गिऱ्हाइकाला काळ्या माणसाच्या शेजारी बसणे नको वाटेल म्हणून ते टेबलाच्या पलीकडे बसून उलटे चित्र काढायला शिकले, म्हणजे समोरच्याला ते सुलटे दिसावे! ओंजळीत वरून पाणी ओतणाऱ्या आणि दुरून पैसे फेकणाऱ्या हातांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. एकाने नाव मिळवले, पण अंतर पाळून. दुसऱ्याने शेजारी खुर्ची मिळवली, पण नाव सोडून. दोघांपैकी कुणाला भित्रा आणि कुणाला शूर म्हणायचे? दोष त्या दोघांचा नव्हता. असे दोनच रस्ते ठेवणाऱ्या व्यवस्थेचा होता.

1938 मध्ये ट्रम्बावर वारले. एबेल आणि विल्यम फ्रँक या दोघांनी फर्म चालवली, पण पाटी होरेस ट्रम्बावर यांच्याच नावाची राहिली. राष्ट्रीय संस्थेचे सदस्यत्व एबेल यांना 1942 मध्ये मिळाले. तेव्हा त्यांचे वय साठीच्या पुढे होते. अठ्ठाविसाव्या वर्षी मुख्य डिझायनर झालेल्या माणसाला आपल्याच व्यवसायाच्या संस्थेत बसायला तेहतीस वर्षे लागली! 1950 मध्ये ते वारले. ड्यूकच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यांमागून पिढ्या त्या कमानींखालून गेल्या. त्या कुणी आखल्या, हे बहुतेकांच्या कानावरही आले नाही.

नाव बाहेर आले ते विद्यार्थी आंदोलनातून. 1969 च्या फेब्रुवारीत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी आपल्या मागण्यांसाठी विद्यापीठाच्या प्रशासकीय इमारतीचा ताबा घेतला होता. पुढे 1986 मध्ये दक्षिण आफ्रिकेतील वर्णद्वेषाचा निषेध म्हणून विद्यार्थ्यांनी त्या भव्य प्रार्थनामंदिरासमोर झोपड्या उभ्या केल्या. एकाने तक्रार केली की या झोपड्यांमुळे आमच्या सुंदर आवाराची शोभा जाते. तेव्हा एका विद्यार्थिनीने विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रात पत्र लिहून सडेतोड उत्तर दिले. हे सुंदर आवार माझ्या पणजोबांच्या पिढीतल्या एका काळ्या माणसाने आखले आहे, तो याच देशातल्या वर्णद्वेषाचा बळी होता आणि या झोपड्या पाहून त्याला वाईट वाटले नसते, असा तिच्या पत्राचा आशय होता. त्या एका पत्राने झाकलेले नाव उघडे पडले. पुढे एबेल यांचे तैलचित्र विद्यापीठात लागले आणि 2016 मध्ये मुख्य आवाराला त्यांचे नाव दिले गेले. त्याच प्रार्थनामंदिराच्या प्रवेशद्वारावर गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या सैन्याचा सेनापती रॉबर्ट ली याचा पुतळा होता. तो 2017 मध्ये काढण्यात आला. आखणाऱ्याचे नाव लागायला आणि गुलामगिरीच्या रक्षकाचा पुतळा हटायला जवळपास नव्वद वर्षे जावी लागली. आणि सुरुवात कशाने झाली? वृत्तपत्रातल्या एका पत्राने. ‘मूकनायक’ काढणाऱ्या बाबासाहेबांच्या अनुयायांना लेखणीची ताकद वेगळी सांगायला नको.

एबेल यांच्यानंतर तरी सारे सुधारले काय? नॉर्मा स्क्लारेक या कृष्णवर्णीय महिलेने 1950 मध्ये कोलंबिया विद्यापीठातून, म्हणजे बाबासाहेबांच्याच विद्यापीठातून, वास्तुशास्त्राची पदवी घेतली. त्यांना एकोणीस फर्मनी नाकारले. 1954 मध्ये त्यांनी न्यूयॉर्क राज्याचा परवाना मिळवला. 1960 मध्ये लॉस एंजेलिसच्या ग्रुएन या मोठ्या फर्ममध्ये गेल्या आणि 1966 मध्ये तेथे वास्तुविभागाच्या प्रमुख झाल्या. आराखडे वेळेत आणि खर्चात बसवून इमारत उभी करणे त्यांच्याकडे, आणि कल्पक म्हणून गाजायचे नाव दुसऱ्याचे! टोकियोतील अमेरिकन वकिलातीची इमारत त्याच फर्मच्या कामांपैकी एक. 1980 मध्ये राष्ट्रीय संस्थेने फेलो म्हणून त्यांचा गौरव केला. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला. म्हणजे दार उघडायला एक लढा आणि नाव लागायला दुसरा लढा, हा धडा तोच राहिला.

आता आपल्या घराकडे वळू. बाबासाहेबांनी घटनेत राखीव जागांची तरतूद केली म्हणून आपली मुले-मुली आज वास्तुशास्त्राच्या महाविद्यालयांत पोचली. 1972 च्या कायद्यानुसार वास्तुविशारद परिषदेकडे नोंदणी केली की ‘आर्किटेक्ट’ म्हणवून घेण्याचा हक्क मिळतो. पण पुढे काय? या व्यवसायातली बहुतांश कामे खाजगी फर्ममध्ये असतात आणि खाजगी क्षेत्रात नोकरीचे आरक्षण नाही. तिथे ओळख चालते, नातेगोते चालते, आडनाव चालते. पोरगा हुशार असेल तर त्याला कॉम्प्युटरसमोर बसवतात, रात्र रात्र नकाशे काढून घेतात. गिऱ्हाइकाच्या बैठकीला मात्र दुसराच जातो. दहा-पंधरा वर्षांनी तो ‘सीनिअर आर्किटेक्ट’ होतो, पगारही बरा मिळतो. पण पाटी, पुरस्कार आणि मासिकातला फोटो? तिथे सावली त्याची असते आणि नाव मालकाचे असते.

म्हणून चळवळीने आता ‘प्रवेश’ एवढ्यावर थांबून चालणार नाही. खाजगी क्षेत्रातील आरक्षणाची मागणी तर लावून धरलीच पाहिजे. त्याबरोबर श्रेयाचा प्रश्नही मांडला पाहिजे. प्रत्येक नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट असते. डिझाइन कुणी केले, नकाशा कुणी काढला, तपासला कुणी, याचे रकाने त्यात असतात. आपल्या तरुणांनी त्या रकान्यात आपले नाव आग्रहाने लिहावे. आपल्या कामाची नोंद स्वतःजवळ ठेवावी. परिषदेची नोंदणी घ्यायला टाळाटाळ करू नये. आणि चार-पाच जणांनी मिळून स्वतःची फर्म काढावी. समाजातल्या संस्था, विहारे, शाळा, वसतिगृहे यांची कामे करणाऱ्यांनी ती या तरुणांच्या हाती द्यावीत. आपलेच विहार बांधताना आपल्याच आर्किटेक्टला विचारायचे नाही आणि बाहेर जाऊन संधीबद्दल तक्रार करायची, हे बरे नव्हे.

थोडे आत्मपरीक्षणही करू. दीक्षाभूमीच्या स्तूपासमोर आपण दरवर्षी लाखोंनी नतमस्तक होतो. 18 डिसेंबर 2001 रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले, हे पुष्कळांना आठवते. त्या स्तूपाचा आराखडा शिवदान मल यांनी केला, हे किती जणांना ठाऊक आहे? उद्घाटकाचे नाव लक्षात राहते आणि आखणाऱ्याचे विसरते. ही सवय आपण कुणाकडून शिकलो, याचा विचार करावा.

इमारत बांधणे म्हणजे काय असते, हे बाबासाहेबांनी आपल्याला दाखवून दिले आहे. दादरला ‘राजगृह’ बांधले ते पुस्तकांसाठी. 1950 मध्ये मराठवाड्यासारख्या मागासलेल्या भागात मिलिंद महाविद्यालय सुरू केले ते शतकानुशतके दाराबाहेर ठेवलेल्यांसाठी. ड्यूकने काळ्या माणसाकडून विद्यापीठ आखून घेतले आणि त्याच्या मुलांना बाहेर ठेवले. बाबासाहेबांनी बाहेर ठेवलेल्यांच्या मुलांसाठीच विद्यापीठाच्या तोलाचे आवार उभे केले. एका वास्तूत नाव लपवले गेले, दुसरीत नाव नसलेल्यांना नाव मिळाले.

एबेल यांना त्यांची सावली परत मिळायला मरणानंतर 36 वर्षे वाट पाहावी लागली. आपल्या मुलांना इतकी वाट पाहायला लावायची काय? आज रात्री एखाद्या फर्ममध्ये आपला एखादा तरुण दुसऱ्याच्या नावासाठी नकाशा काढत बसलेला असेल. त्याने कोपऱ्यातल्या त्या रकान्यात आपले नाव लिहावे. आणि ते पुसले गेले, तर ते पुन्हा लिहायला आपण त्याच्या मागे उभे राहावे.

जयभीम!